मोजून लिहिलेलं वीस

"मोजून लिहिलंस, की नुसतंच लिहिलंस?"

आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, अक्का, यांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांच्या हातात चार्ट होता आणि बोट श्वासाच्या रकान्यावर. दुपारी चारला २०, रात्री आठला २०, बाराला २०, आणि पहाटे चारला माझ्या अक्षरात आणखी एक २०. मी काही बोलले नाही. अक्कांनी पेशंटच्या पोटावर चादरीवरूनच हात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. पूर्ण एक मिनिट. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बत्तीस."

बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातले साठीच्या आसपासचे काका होते. शुगर जुनी, पायाला जखम, म्हणून दाखल झालेले. रात्रभर मी त्यांच्याकडं दोनदा गेले होते. बीपी घेतलं होतं, ताप बघितला होता, बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर ९५ आलं. मुलगा म्हणाला, "दोन रात्री झोपले नव्हते, आत्ता कुठं डोळा लागलाय." मलाही तेच पटलं. शांत झोपलेल्या माणसाचा श्वास कशाला मोजायचा? वरच्या तिन्ही ओळींत २० होतं, मी चौथं लिहिलं.

ती झोप नव्हती, ती गुंगी होती. अक्कांनी खांदा हलवून हाक मारली तर काकांनी डोळे उघडले, मुलाला भलत्याच नावानं हाक मारली आणि परत मिटले. नाडी ११८, वरचं बीपी ९८. जखमेतला संसर्ग रक्तात पसरला होता. तासाभरात ते आयसीयूत गेले, अकरा दिवस तिथं राहिले. पायाची दोन बोटं काढावी लागली. ती आधीच काळी पडायला लागली होती, असं डॉक्टर म्हणाले. तरी मधले दोन-तीन तास माझ्या हातून वाया गेले, ते गेलेच. काका चालत घरी गेले, जाताना माझ्या हातावर कुंद्याचा पुडा ठेवून गेले. तो पुडा मला त्या दिवशी उघडवला नाही.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांची मातृभाषा कन्नड, माझी मराठी. रागावायचं असेल तेव्हा त्या कन्नडमध्ये बोलतात, समजावायचं असेल तेव्हा मराठीत. त्या दिवशी मराठीत बोलल्या. दुपारी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बीपीला मशीन आहे, तापाला मशीन आहे, नाडीला मशीन आहे. श्वासाला तूच आहेस."

तिथून पुढं मी श्वास मोजायला शिकले. हे वाचून कुणाला वाटेल, त्यात शिकायचं काय? पण माणसाला 'तुमचा श्वास मोजते' म्हटलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजायच्या निमित्तानं मनगट धरायचं, आधी अर्धं मिनिट नाडी घ्यायची, आणि मनगट न सोडता पुढचं पूर्ण मिनिट श्वास मोजायचा. आमच्याकडच्या बायका छातीवरून पदर गच्च ओढून घेतात, छाती हललेली दिसत नाही. मग त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवायचा आणि मनगट आपण धरायचं, म्हणजे हात वर-खाली होतो तो आपल्याला कळतो. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही. एका श्वासाची चूक झाली तर आकडा चारानं हलतो. लहान लेकराचं झबलं वर करायचं आणि ते रडायचं थांबेपर्यंत वाट बघायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांपर्यंतच्याला ४०, इथं धोक्याची घंटा वाजते. हे आकडे आमच्या खानापूर भागातल्या आशाताईंनाही पाठ असतात. मला ते ट्रेनिंगमध्ये पाठ होते, पण घड्याळ धरून मोजायची सवय नव्हती.

नंतर वॉर्डात नवा चार्ट आला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली 'न्यूज' (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाची, पेशंट बिघडतोय का ते वेळीच ओळखायची गुणपद्धत काढली, २०१७ मध्ये ती सुधारली, तिच्यावर बेतलेला. श्वास, ऑक्सिजन, वरून ऑक्सिजन चालू आहे की नाही, बीपी, नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज पाच झाली की डॉक्टरांना तातडीनं कळवायचं, सात झाली की तिथून हलायचंच नाही. त्या चार्टवर मी सगळ्यात आधी श्वासाची ओळ वाचली. मिनिटाला १२ ते २० असेल तर गुण शून्य. २१ ते २४ असेल तर दोन, आणि २५ किंवा जास्त असेल तर तीन. म्हणजे वीस हा शून्यातला शेवटचा आकडा. न मोजता वीस लिहिलं की आपण पेशंटला ठणठणीत असल्याचा दाखला देऊन मोकळे होतो. त्या काकांचे पहाटेचे आकडे मी घरी वहीत मांडून बघितले. श्वासाचे तीन, बीपीचे दोन, नाडीचे दोन, गुंगीचे तीन. नुसते एवढेच दहा झाले.

पुढं माझी बदली कॅज्युअल्टीला झाली. तिथं मात्र चार्ट हातात यायच्या आधीच ठरवावं लागतं की कोणाकडं आधी जायचं.

याला ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणं, वेगवेगळं करणं. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डोमिनिक जाँ लारे यानं रणांगणावर नियम घातला की जखम किती गंभीर आहे तेवढंच बघायचं, हुद्दा बघायचा नाही. लाल, पिवळा, हिरवा या आमच्या फिती त्याच विचारातून आल्या. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी. पिवळा म्हणजे थोडं थांबू शकेल, पण नजरेआड करायचा नाही. हिरवा म्हणजे बाकावर बसू शकेल.

दारातून पेशंट आत येतानाच अर्धं काम होतं. चालत आला की उचलून आणला? बोलताना वाक्य पुरं करतोय, की तीन शब्दांनंतर दम घेतोय? कपाळावर घाम आहे का, आणि तो घाम गार आहे का? मग जवळ जाऊन मनगट धरायचं. एका स्पर्शात तीन गोष्टी कळतात: हात गार की गरम, नाडी लागते की नाही, लागली तर किती पळते. नख पाच सेकंद दाबून सोडायचं आणि परत लाली यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर समजायचं, रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही. उसाच्या फडात काम करणाऱ्यांच्या बोटांना राप चढलेला असतो, तिथं ओठ आतून उलटा करून बघायचा. मग ठरलेल्या क्रमानं: श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालतोय कसा, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि शेवटी अंगावरचे कपडे बाजूला करून सगळं अंग. हा क्रम मोडायचा नाही. हाताचं हाड बाहेर आलेलं दिसत असलं तरी आधी नाक-तोंड बघायचं. डोळा हाडाकडंच ओढला जातो, तो ओढून परत आणावा लागतो.

बोलण्यातून तपासणं हा सीमाभागातला वेगळाच अभ्यास. एका रात्रीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी असे चारही पेशंट येतात. चंदगडचे येतात, दोडामार्गचे येतात, सौंदत्ती-गोकाकचे येतात. मराठी माणूस नुसतं 'दुखतंय' क्वचितच म्हणतो. कळ मारते, ठणकतंय, चमक निघते, रग लागलीय, मुरडा येतोय, आग आग होतेय. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या जागी बोट ठेवतो. मुरडा म्हटलं की आतडं, चमक म्हटलं की बहुतेक स्नायू किंवा शीर, ठणका म्हटलं की पू धरलाय का ते बघायचं. कन्नडमध्ये आमच्या भागात 'ब्यानी' म्हणजे दुखणं आणि 'उरी' म्हणजे आग. छातीत ब्यानी आणि छातीत उरी यांतला फरक मला अक्कांनी समजावला, आणि पुढं हेही बजावलं की उरी म्हणाला म्हणून पित्त समजून सोडायचं नाही.

सगळ्यात सांभाळून ऐकायचा शब्द म्हणजे 'कसंतरी होतंय'. पन्नाशीच्या पुढची बाई, शुगर आहे, छातीत दुखत नाही म्हणते, पण 'कसंतरी होतंय, जीव घाबरा झालाय' म्हणते, तर मी नाव-पत्ता लिहून व्हायच्या आधी ईसीजीचं मशीन ओढते. छातीच्या तक्रारीला दहा मिनिटांत ईसीजी हा नियम आहे. शुगर असलेल्यांना आणि बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. घरच्यांना ते पटत नाही. "तिला गॅस झालाय हो, इंजेक्शन द्या, जातो आम्ही." मी म्हणते, पाच मिनिटं थांबा, कागद बघू आणि मग जावा.

दुखणं किती, हे विचारायलाही शिकावं लागलं. शून्य ते दहामध्ये सांगा म्हटलं की म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर शाळेत उभं केल्यासारखे भाव येतात. एकदा येळ्ळूरच्या एका आजोबांना मी विचारलं, "सोळा आण्यांत किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर आलं, "बारा आणे." इंजेक्शननंतर अर्ध्या तासानं विचारलं तर, "चार आण्यावर आलंय." तेव्हापासून ज्यांनी आणे बघितलेत त्यांना मी आण्यांतच विचारते.

आता त्या रात्रीबद्दल सांगते. जुलै महिना, धो धो पाऊस. ड्युटीवर मी, एक ब्रदर, एक डॉक्टर आणि वॉर्डातल्या मावशी. पहाटे पावणेचारला १०८ मधून दोन पोरं आली. मोटारसायकल घसरून पडलेली, गावातली वीस-पंचवीस माणसं मागून जीपमधून आलेली. एकाच्या डोक्याला खोक पडून चेहरा रक्तानं भरलेला, हात कोपराखाली वाकलेला, आणि ओरडणं असं की बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जावं. दुसरा मागं बसलेला. त्याला खरचटलं होतं तेवढंच. तो स्वतः चालत आला आणि भिंतीला टेकून बाकावर बसला.

त्याच वेळी कडेच्या दारातून एक नातू आपल्या आजीला घेऊन आला. खानापूर तालुक्यातल्या रानाकडच्या गावची. नातवानं कुणाची तरी गाडी मागून आणलेली. आजी काही ओरडत नव्हती, रक्त नव्हतं, ताप नव्हता. खुर्चीत बसली, पदर डोक्यावरून घेतलेला. मी जाता जाता विचारलं, "काय होतंय आजी?"

"काय नाही गं बाई. पोटात कळ मारूलाय. आणि झोप येऊलाय. मी हितंच झोपतो जरा."

आमच्या भागात जुन्या बायका 'मी झोपतो, मी येतो' असंच बोलतात. त्या बोलण्यात मला काही खटकलं नाही. आवाज खटकला. नाकातून आल्यासारखा, जड.

आधी त्या पोराकडं गेले, कारण रक्त वाहत होतं. पट्टीचा जाड बोळा जखमेवर दाबला, त्याच्या मित्राचा तळहात त्यावर ठेवला आणि "हे असं दाबून धरायचं, मी सांगेपर्यंत सोडायचं नाही" म्हणून सांगितलं. पोरगं ओरडत होतं म्हणजे श्वासाची वाट मोकळी होती. नाव, गाव, वार बरोबर सांगत होतं. नाडी १०४, बीपी चांगलं. मोडलेल्या हाताची बोटं हलत होती, गरम होती. ब्रदरनं फळी बांधली. याला दीड-दोन मिनिटं लागली असतील. दुसऱ्याची नाडी ९६, बीपी ११२. पिवळी फीत दोघांनाही.

आणि मग मी वळून आजीकडं गेले, तेव्हा मागून आवाज चढला. कन्नडमध्ये. आमचं पोरगं रक्तात न्हालंय आणि ही सिस्टर म्हातारीकडं चाललीय, ती मराठी ना, हिच्याच भाषेची. सगळ्यांनी ऐकलं ते. नातवानंही ऐकलं, आणि तो आजीच्या खुर्चीपुढं येऊन उभा राहिला.

सीमाभागात राहणाऱ्याला हे वाक्य कुठं जाऊन लागतं, ते सांगायला नको. मला क्षणभर वाटलं, परत त्या पोरापाशी जाऊन उभं राहावं, म्हणजे वाद मिटेल. तसं केलं असतं तर वाद मिटला असता आणि आजी गेली असती. मी त्यांच्यातल्या वयस्कर माणसाला अण्णा म्हणून हाक मारली आणि कन्नडमध्येच सांगितलं की तुमचा मुलगा ओरडतोय ही चांगली खूण आहे, त्याचा श्वास चालू आहे, मी त्याला सोडलेलं नाही, पंधरा मिनिटांच्या आत परत येते. या आजीला काय होतंय ते मला कळत नाहीये, म्हणून तिच्याकडं जाते. त्यांनी मान हलवली असं नाही, पण पुढंही आले नाहीत.

आजीसमोर गुडघ्यावर बसले. "आजी, माझ्याकडं बघा. वर बघा, ट्यूबलाइटकडं." तिनं हनुवटी वर केली, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. ती झोपेला आलेली नव्हती. तिला डोळे उघडताच येत नव्हते. मी तिचं डोकं हातावर घेतलं आणि मान उचलायला सांगितली. उचलली नाही.

"एका दमात आकडे म्हणा आजी. एक, दोन, तीन, जमेल तिथवर."

"एक, दोन, तीन, चार, पाच, सा…" आणि दम संपला. घोट गिळता येईना, तोंडात लाळ साठलेली. श्वास २६, उथळ. आणि ऑक्सिमीटरवर ९६. त्या ९६ वर विसंबले असते तर ती बाकावरच राहिली असती.

नातवाला विचारलं, "रात्री कुठं झोपली होती?" "जमिनीवरच, चटईवर." "काही चावलं म्हणाली का?" "नाही. दोन वाजता पोटात दुखतंय म्हणून उठली." पायाला, हाताला कुठं खूण नाही. मण्यार अशीच चावते. आमच्याकडं तिला कांडर म्हणतात, कन्नडमध्ये कट्टु हावु. पावसात घरात शिरते, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या, मग घसा, मग छातीचे स्नायू. घोणस चावली तर पाय सुजून टम्म होतो, रक्त गोठत नाही, सगळं घर जागं होतं. मण्यार चावलेला माणूस 'झोप येतेय' म्हणतो.

आता डॉक्टरांना सांगायचं. ते त्या पोराच्या डोक्याला टाके घालायच्या तयारीत होते. 'डॉक्टर, जरा बघता का' असं म्हटलं तर 'आलो' असं उत्तर येतं आणि दहा मिनिटं जातात. म्हणून आम्हाला सांगायची रीत शिकवलेली आहे: आत्ता काय आहे, मागं काय घडलं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. मी म्हणाले, "डॉक्टर, साठीच्या पुढच्या आजी, दोन्ही पापण्या पडल्यात, मान उचलत नाही, एका श्वासात सहाच आकडे म्हणते. जमिनीवर झोपली होती, दोन वाजल्यापासून पोटात दुखतंय. मला मण्यार वाटते. श्वासासाठी ट्यूब लागेल, तुम्ही आत्ता यायला पाहिजे." त्यांनी सुई खाली ठेवली.

पुढची वीस मिनिटं सगळं एकदम. सलाईनची सुई, रक्त, अँटीव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल (छोट्या बाटल्या) प्रत्येकी दहा मिली पाण्यात विरघळवायच्या. त्या जोरात हलवायच्या नसतात, फेस येतो, तळहातात धरून हळूहळू फिरवायच्या. हात घाईत असताना त्या व्हायल हळू फिरवणं फार कठीण जातं. शेजारी अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलेलं, कारण औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालतं, पण मण्यारीनं एकदा नसांच्या टोकाशी नुकसान केलं की औषधानं ते लगेच भरून येत नाही. तोवर श्वास दुसऱ्या कुणी तरी घ्यावा लागतो. डॉक्टरांनी ट्यूब घातली, मी अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत आयसीयूपर्यंत गेले. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडेपर्यंत मी मनात मोजत होते, दर पाच-सहा सेकंदांना एक दाब.

खाली आले तेव्हा मावशी दारातच उभ्या. मावशी पुसायच्या कामाला, वीस वर्षं कॅज्युअल्टीत. "सिस्टर, ते बाकावरचं पोरगं तिसऱ्यांदा पाणी मागूलंय. खरं त्याच्याकडं कोण बघीना झालंय." आमच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'.

तिसऱ्यांदा पाणी. मी पळतच गेले. पोरगं पांढरं पडलं होतं. नाडी १२४. बीपी अजून १०८. जवान शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं, आणि सोडतं तेव्हा एकदम सोडतं, म्हणून अशा वयात नाडीवर आणि तहानेवर जास्त विश्वास ठेवायचा. डाव्या खांद्यात दुखतंय म्हणाला. खांद्याला लागलेलं नव्हतं. पोटाच्या डाव्या बाजूला हात लावला तर पोट दगडासारखं झालं. प्लीहा फाटली की पोटातलं रक्त वर छाती-पोटामधल्या पडद्याला लागतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. त्याची पिवळी फीत काढून मी लाल बांधली. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं, सव्वापाचला तो थिएटरमध्ये होता.

पंधरा मिनिटांनी परत येते म्हणाले होते, त्याला पंचवीस झाली होती. अण्णांना मी तेही सांगितलं. तोवर ते स्वतःच त्या दुसऱ्या पोराच्या उशाशी उभे होते, त्याची चप्पल हातात धरून. दोघंही त्यांच्याच गावचे. डोकं फुटलेलं पोरगं सकाळी सात वाजता टाके आणि प्लास्टर घालून वॉर्डात गेलं. तेव्हा ते ओरडायचं थांबून झोपलं होतं. मी त्याला उठवून नाव विचारलं, वार विचारला, बुबुळं बघितली, आणि मग झोपू दिलं. तो चिडला. चिडलेला चालतो.

साडेसातला ड्युटी सोपवताना अक्का आल्या. मी सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी मण्यारीबद्दल विचारलं नाही, प्लीहेबद्दल विचारलं नाही. विचारलं ते असं: "दुसऱ्या पोराचा पहिला श्वास किती लिहिलायस?" मी पान उघडलं. १८. "मोजलेला?" मोजलेला नव्हता. नाडी मी घेतली होती, बीपी घेतलं होतं, आणि बाहेर आवाज चढला म्हणून श्वास राहून गेला होता. १८ मी नंतर, आयसीयूतून खाली आल्यावर भरला होता. दोन वर्षांपूर्वीचे काका डोळ्यांपुढं असताना हे माझ्या हातून झालं. त्या ओळीवर मी एक रेघ मारली, 'मोजला नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. अक्कांनीही शेजारी सही केली.

तेव्हापासून मी एक करते. मोजायला वेळ मिळाला नाही तर रकाना रिकामा ठेवते. रिकामा रकाना पुढच्या माणसाला दिसतो, त्याला कळतं की हे राहिलंय. खोटा आकडा भरला की तो त्यालाही झोपवतो. नव्या मुली ट्रेनिंगला येतात त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. त्यांना ते विचित्र वाटतं, कारण रिकामा रकाना दिसला की ओरडा बसतो असं त्यांना कॉलेजात सांगितलेलं असतं. माझ्या पाळीत ओरडा बसणार नाही, असं मी त्यांना कबूल करते.

आजी सहा दिवस व्हेंटिलेटरवर होती. तिसऱ्या दिवशी तिच्या कानाशी जाऊन बोलले तेव्हा डोळे उघडत नव्हते, पण हात धरला तर बोट किंचित दाबलं. मण्यारीच्या पेशंटला वरून काहीच हलवता येत नसलं तरी त्याला ऐकू येत असतं, कळत असतं. म्हणून मी आयसीयूतल्या मुलींना सांगून ठेवलं होतं की तिच्याशी मराठीत बोला, येत नसेल तर मला बोलवा. एक विजापूरकडची मुलगी होती, ती माझ्याकडून चार वाक्यं लिहून घेऊन गेली. 'आजी, नातू बाहेर आहे. आजी, कूस बदलतो आम्ही. आजी, घाबरू नका.' चौथं मला आता आठवत नाही.

दहाव्या दिवशी वॉर्डात भेटायला गेले. खाटेवर उठून बसली होती, नातू पेज भरवत होता आणि ती त्याच्या हातातून चमचा घ्यायला बघत होती. आवाज घोगरा, ट्यूबमुळं. मी मनगट धरलं. पूर्ण एक मिनिट. १८, मोजलेला.

"आजी, त्या रात्रीसारखे आकडे म्हणून दाखवा. एका दमात."

तिनं पदर सावरला आणि सुरू केलं. दहा झाले, पंधरा झाले, सतरा, अठरा, एकोणीस, इस. आणि थांबली. मी म्हणाले, "दम लागला?"

"दम कशाला लागतोय? एक विशी झाली की." मग नातवाकडं बघितलं, दम घेतला आणि पुढं चालू केलं, "विसाव एक, विसाव दोन, विसाव तीन…"